एनसीसी एअर विंग : चक ग्लायडर झोके खात पडतो, कंट्रोल लाइन मॉडेल बंद आहे, आणि पहिल्या सॉर्टीची तयारी

नभांगण यांचा प्रश्न

नमस्कार. कॉलेजच्या एअर विंगमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा एरोमॉडेलिंगची खोली आणि पहिल्या वर्षाचे वीस कॅडेट माझ्याकडे दिले आहेत. तीन गोष्टींवर जाणकारांचा सल्ला हवा.

पहिली गोष्ट चक ग्लायडरची. बाल्साचा पंख, एकूण ४५ सेंमी. फेकला की झपकन वर चढतो, वर गेल्यावर थांबतो, नाक खाली टाकतो, पुन्हा वर येतो आणि असे झोके घेत पडतो. नाकाला क्ले (वजनासाठी लावायची माती) वाढवली की सरळ जमिनीत घुसतो. वीसपैकी निम्म्या मॉडेलांचं हेच रडगाणं आहे.

दुसरी, कपाटात २.५ सीसी इंजिनचं एक कंट्रोल लाइन मॉडेल (तारांनी धरून गोल फिरवत उडवायचं) आहे. इंजिन हाताने फिरतं. ते उडवण्याआधी काय काय तपासायचं?

तिसरी, दिवाळीनंतर मायक्रोलाइट या हलक्या विमानाच्या सॉर्टी (उड्डाणाच्या फेऱ्या) सुरू होतील. पहिल्यांदा बसणाऱ्या मुलामुलींना आधी काय शिकवून ठेवू?

---

काटकोन

ग्लायडरचं आधी बोलतो, कारण यात क्लेला हात लावण्यापूर्वी एक चाचणी करायची असते आणि ती बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही.

ग्लायडर जोरात फेकला तर तो वर चढणारच, अगदी उत्तम ट्रिम केलेला (समतोल जुळवलेला) असला तरीही. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. तरंगायचा वेग असतो त्याच्या दीडपट वेगाने फेकलं तर उचल सव्वादोन पट होते. मॉडेल नाक वर करतं, वेग संपतो, पंखाचा हवेशी होणारा कोन पंधरा अंशांच्या आसपास जातो आणि पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकदम घटते. म्हणून पहिली फेक ही फेक नसतेच. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, मॉडेल खांद्याच्या उंचीला धरायचं, नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवायचं आणि समोर दहा मीटरवर जमिनीवरचा एक दगड ठरवून त्याच्याकडे हळूच सोडायचं. हात थांबवायचा नाही, मॉडेलबरोबर पुढे जाऊ द्यायचा. बरोबर ट्रिम असलेला ग्लायडर सरळ रेषेत सात ते नऊ मीटर जाऊन पोटावर टेकतो.

या हलक्या फेकीतही झोका आला तरच तो खरा स्टॉल. तिथून पुढे दुरुस्ती. आधी सीजी (मॉडेलचा तोलबिंदू), मग शेपूट, हा क्रम उलटा करू नका.

सीजी बघायला पंखाखाली दोन बोटांची टोकं ठेवा. तुमच्या मापात पंखाची रुंदी साधारण ७.५ सेंमी असेल, तर पुढच्या कडेपासून २.५ सेंमीवर मॉडेल आडवं तोललं पाहिजे. हा रुंदीचा तिसरा हिस्सा. शेपूट मोठी आणि लांब असेल तर ३ सेंमीपर्यंत चालतं, पण शिकाऊ मॉडेलला २.५ ठेवा. तोल मागे असेल तर नाकाला क्ले, पुढे असेल तर क्ले काढा. एकदा २.५ वर आला की पेनाने खूण करा आणि त्यानंतर क्लेला हात लावू नका.

आता शेपूट. तुमचं मॉडेल क्ले वाढवल्यावर थेट जमिनीत जातं, याचा अर्थ पंख आणि शेपूट एकाच कोनात चिकटवलेले आहेत. तोल पुढे आला की नाक उचलून धरायला काहीच उरत नाही. आडव्या शेपटीच्या मागच्या कडेला ओला बोळा फिरवून ती कड १ मिमी वर वाकवा आणि सुकू द्या. पुन्हा हलकी फेक. अजून डुबकी मारत असेल तर आणखी अर्धा मिमी. झोका आला तर अर्धा मिमी खाली. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तीन फेकी टाका, कारण एक फेक हाताच्या चुकीची असू शकते.

हे सगळं वाऱ्यात करू नका. सकाळी सहा ते साडेसात ही वेळ, झाडाची पानं हलत नसताना.

---

वाऱ्याची_दिशा

काटकोन यांनी ट्रिमचं सांगितलं. मी बांधणीचं जोडते, कारण निम्म्या मॉडेलांना एकच रोग असेल तर तो बहुतेकदा बांधणीतून आलेला असतो.

बाल्साच्या रेषा कुठल्या दिशेने आहेत ते बघा. पंखात आणि आडव्या शेपटीत रेषा टोकाकडून टोकाकडे हव्यात, शेपटीवरच्या उभ्या पात्यात, म्हणजे फिनमध्ये, खालून वर, आणि बॉडीमध्ये नाकाकडून शेपटीकडे. नवी मुलं पत्रा वाचवण्यासाठी तुकडे आडवेतिडवे कापतात. मग पंख पहिल्याच जोराच्या फेकीत मधून मोडतो किंवा फिन पिरगळते.

पंखासाठी ५ मिमी पत्रा घ्या. सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून साधारण ३० टक्क्यांवर राहू द्या, पुढची कड गोल आणि मागची १ मिमीपर्यंत उतरती. खालची बाजू सपाटच ठेवा. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, मग २४०, शेवटी ४००. ठोकळ्याशिवाय नुसत्या बोटांनी घासलं की पंखात खळगे पडतात आणि दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत.

डायहेड्रल म्हणजे पंखांची टोकं वर उचललेली असणं. ४५ सेंमीच्या पंखाला एक बाजू टेबलावर सपाट दाबली तर दुसरं टोक सात ते साडेसात सेंमी वर आलं पाहिजे. मधल्या सांध्याच्या कडा तिरप्या घासाव्या लागतात, नाहीतर फट राहते आणि ती डिंकाने भरण्यात काही अर्थ नाही. फेविकॉलचा पातळ थर दोन्ही कडांना लावून वाळू द्या, मग दुसरा थर लावून जोडा आणि रात्रभर दाबून ठेवा. फेविक्विकने सांधा लगेच धरतो, पण तो ठिसूळ होतो. पंखाच्या मधल्या सांध्याला तो नको, फिनला चालेल.

सीलर किंवा डोप (बाल्सावर लावायचं वार्निशसारखं द्रावण) लावत असाल तर पंखाच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी, सारखेच हात. एकाच बाजूला लावलं की वाळताना ती बाजू आक्रसते आणि पंख पिळतो.

---

देवगिरीकर

मायक्रोलाइटबद्दल. मुंबई, पुणे, नागपूर या एअर स्क्वाड्रनच्या कॅडेटांना सॉर्टीची वाट बघावी लागते हे खरं आहे. विमान एक-दोन, कॅडेट शेकड्यांनी, आणि पावसाळ्याचे महिने जवळपास हातातून जातात. त्यामुळे ती मोजकी मिनिटं वाया जाऊ नयेत याची तयारी जमिनीवरच करायची.

सध्या एनसीसीकडे आहे ते स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं व्हायरस एसडब्ल्यू ८०. त्याआधी झेन एअरचं सीएच ७०१ होतं. व्हायरसमध्ये शेजारी-शेजारी दोन सीट असतात आणि इंजिन रोटॅक्स ९१२, ८० हॉर्सपॉवरचं. चार सिलिंडर, समोरासमोर आडवे, फोर स्ट्रोक. सिलिंडर हवेने थंड होतात आणि हेड पाण्याच्या मिश्रणाने. एरो इंजिनचा तास घेताना हेच इंजिन उदाहरणाला घ्या. पुस्तकातली आकृती आणि हँगरमधली वस्तू एक झाली की मुलांच्या डोक्यात ते पक्कं बसतं.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाकडून चार उत्तरं तोंडी घ्या. वेग दाखवणारं यंत्र कोणतं? उंची दाखवणारं कोणतं? स्टिक मागे ओढली की काय होतं आणि उजवा पॅडल दाबला की काय होतं? आणि इंजिन चालू असताना विमानाच्या कुठल्या बाजूने जायचं नाही? शेवटच्याचं उत्तर: पुढून कधीच नाही. फिरणारा प्रोपेलर डोळ्यांना दिसत नाही. पायलटने किंवा ग्राउंड क्रूने हाताने बोलावल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि जायचं ते पंखाच्या मागून.

खिसे पूर्ण रिकामे. पेन, नाणी, मोबाईल, केसांच्या पिना, काहीही नको. सुटी वस्तू पॅडलखाली अडकली तर पायलटला रडर (शेपटीचा उभा, हलणारा भाग) वळवायचा पॅडल दाबता येत नाही. बेरे (टोपी) जमिनीवरच ठेवा. बुटाच्या नाड्या आत खोचलेल्या.

पोट रिकामं ठेवून येऊ नका आणि वडापाव हाणूनही येऊ नका. पोहे किंवा दोन इडल्या दीड तास आधी, हे बरोबर. सर्दी असेल तर त्या दिवशी सांगून मोकळं व्हायचं. बंद नाकाने वर गेलं की उतरताना कानाच्या पडद्यावर दाब येतो आणि दुखणं काही दिवस टिकू शकतं. सर्दी लपवून बसणारे दर वर्षी असतात, म्हणून हे ठासून सांगा.

वर गेल्यावर: मळमळ वाटली तर डोळे क्षितिजावर, यंत्रांवर नाही. हेडसेटचा माइक ओठांच्या अगदी जवळ हवा, नाहीतर इंजिनच्या आवाजात बोलणं कापलं जातं. पायलट 'यू हॅव कंट्रोल' म्हणाले की 'आय हॅव कंट्रोल' असं मोठ्याने म्हणायचं, मगच स्टिक हातात घ्यायची. ती अंगठा आणि दोन बोटांनी धरायची. मूठ आवळली की हात ताठ होतो आणि विमान डुलायला लागतं. सर्वांची पहिली चूक हीच: एक धक्का बसला की स्टिक हलवायची, मग विमान परत येत असताना उलटी हलवायची. व्हायरस स्वतःहून सरळ होतं, त्याला थोडा वेळ द्यावा. कॉकपिटमधल्या लाल रंगाच्या कुठल्याही हँडलला मात्र हात नाही, सांगितल्याशिवाय नाहीच.

सॉर्टी पहाटे का असतात तेही सांगा. ऊन तापलं की जमिनीवरून हवेचे झोत वर उठतात आणि हलकं विमान हेलकावे खातं. दख्खनच्या काळ्या रानावर मार्चमध्ये साडेनऊनंतर हे चांगलंच जाणवतं.

---

नभांगण

मनापासून आभार. काटकोन सरांच्या पद्धतीने सात मॉडेलं बसली. तोल २.५ वर आणला, मग शेपूट १ मिमी वर केली आणि झोका गेला. एक अडलंय: दोन मॉडेलं हलक्या फेकीत सरळ जातात, पण जोरात फेकली की उजवीकडे कलंडून जमिनीत घुसतात. उलट एक मॉडेल जोरात ठीक, पण शेवटी वेग कमी झाला की डावीकडे वळत बसतं.

---

काटकोन

हे निरीक्षण फार कामाचं आहे, कारण दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पंखाचा पीळ वेगावर चालतो. वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. वजनाचा फरक मात्र वेगाने बदलत नाही. म्हणून जोरात फेकल्यावरच वळतं ते मॉडेल पिळलेलं आहे, आणि हळू असताना वळतं ते एका बाजूला जड आहे.

पहिल्या दोघांना मागून बघा. एक डोळा मिटून दोन्ही पंखांची मागची कड सारखी दिसते का? उजवीकडे कलंडतं म्हणजे बहुधा डाव्या पंखाची मागची कड खाली झुकली आहे, म्हणून तो पंख जास्त उचलतो. नाहीतर उजव्या पंखाची कड वर गेली आहे. किटलीच्या वाफेवर तो भाग दहा-पंधरा सेकंद धरा, उलट दिशेला जरासा जास्त पिळा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. सोडल्यावर थोडा परत येतो, म्हणूनच जास्त पिळायचा. फिन सरळ आहे का तेही पट्टी लावून बघा.

डावीकडे वळणाऱ्याला नाक आणि शेपटीला दोन बोटांत धरून तोला. जड बाजू खाली जाईल. हलक्या टोकाला हरभऱ्याच्या डाळीएवढी क्ले पुरते.

आणि फेकायची पद्धत. उजव्या हाताने फेकणाऱ्याने मॉडेल उजवीकडे तीस-चाळीस अंश कलतं धरून वर फेकायचं. ते उजवीकडे वळत चढतं आणि वर जाऊन डावीकडच्या गोलात तरंगायला लागतं. त्यासाठी फिनची मागची कड डावीकडे जेमतेम १ मिमी. पंख सपाट धरून पूर्ण ताकदीने वर फेकलं की लूप होणारच, तिथे ट्रिमचा दोष नसतो.

---

सुपारीबाग

कंट्रोल लाइनचं कुणी घेतलं नाही, मी घेतो.

इंजिन हाताने फिरतं एवढ्यावर समाधान मानू नका. जुन्या इंजिनात एरंडेलाचा चिकटा वाळून बसलेला असतो. ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती तार असलेला प्लग) काढा, मिथेनॉलचे थेंब आत टाका, अर्धा तास ठेवा आणि हळूहळू फिरवा. जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगची तार १.५ व्होल्टवर लालबुंद, भडक नारिंगी झाली पाहिजे. मंद तांबडी असेल तर बॅटरी उतरली आहे. नऊ व्होल्टची बॅटरी लावली तर तार क्षणात जळते, तेव्हा कपाटातली हाताला येईल ती बॅटरी वापरू नका.

इंधन: मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल. तेल कमी करू नका, वंगण तेच आहे. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. बाटली सावलीत, झाकण घट्ट, आणि जवळ ओलं फडकं. टाकीची मधली रेघ नीडल व्हॉल्व्हच्या (इंधन कमीजास्त करणाऱ्या स्क्रूच्या) पातळीत आली पाहिजे, नाहीतर इंजिन टाकी भरलेली असताना एक बोलतं आणि रिकामी होताना दुसरं.

पहिल्यांदा नीडल जास्त उघडा ठेवून चालवा. आवाज जाड, खरखरता, अडखळता येईल, म्हणजे इंधन जास्त आहे. हळूहळू बंद करत गेलं की आवाज एकदम तीक्ष्ण होतो. तिथून थोडं मागे या. तीक्ष्ण आवाजावरच उडवलं तर वर गेल्यावर मिश्रण आणखी पातळ होतं, इंजिन तापतं आणि बंद पडतं. प्रोपेलर रबर लावलेल्या काठीने फिरवा, बोटाने नाही, आणि प्रोपेलरच्या रेषेत बाजूला कुणी उभं राहू नये.

तारा १५-१६ मीटर, स्टीलच्या. मुरड पडलेली किंवा गंज लागलेली तार सरळ फेकून द्या, सरळ करून वापरू नका. प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी ओढचाचणी: मॉडेलच्या वजनाच्या दहापट. ८०० ग्रॅमचं मॉडेल असेल तर स्प्रिंग काट्यावर ८ किलो दिसेपर्यंत हँडल ओढा. बेलक्रँकचा (तारांची ओढ शेपटीकडे पोचवणाऱ्या पट्टीचा) स्क्रू, क्लिपा, हँडलची गाठ, सगळं यात तपासलं जातं. मग हँडल वर केल्यावर एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलणारा भाग) वरच जातो ना ते प्रत्येक वेळी बघा. तारा उलट्या जोडणं ही सर्वांत जास्त मॉडेलं मोडणारी चूक आहे.

बाहेरच्या पंखाच्या टोकाला १०-१५ ग्रॅम वजन, इंजिन एक-दोन अंश बाहेरच्या बाजूला आणि रडरही बाहेर. तिन्हीचा हेतू एकच, तारा ताणलेल्या राहाव्यात. तारा सैल झाल्या की एलिव्हेटर तुमच्या ताब्यात नसतो. सोडताना मॉडेल वाऱ्याबरोबर निघेल अशी जागा निवडा, म्हणजे पहिल्या पाव फेरीत वारा त्याला बाहेर ढकलतो.

नव्याला चक्कर येते. त्याने मॉडेलकडेच बघायचं, मागच्या झाडांकडे नाही, आणि टाकीत पहिल्यांदा दीड-दोन मिनिटांपुरतंच इंधन. चक्कर आलीच तर हँडल सोडायचं नाही, खाली बसायचं.

मैदान निवडताना वर बघा. विजेच्या तारा जवळ असतील तर ते मैदान बाद. स्टीलच्या तारा हातात धरून आपण उभे असतो, इथे तडजोड होत नाही. शाळेच्या ज्युनियर मुलांना इंजिनच्या मॉडेलजवळ फक्त बघायला उभं करा, दोरीच्या बाहेर.

---

पहिलं_वर्ष

विषय थोडा वेगळा, पण विचारतो. एअर विंगचं 'सी' प्रमाणपत्र वायुसेनेत खरंच उपयोगी पडतं का? आणि परेडला उशीर झाला तर हजेरी कापतात का?

---

देवगिरीकर

हो, आणि फरक मोठा आहे. एअर विंग सीनियर डिव्हिजनचं 'सी' असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून फ्लाइंग शाखेसाठी लेखी परीक्षा न देता थेट एएफएसबीची (वायुसेनेच्या निवड मंडळाची) मुलाखत मिळते. जागा दहा टक्के राखीव. पण पदवीला ६० टक्के आणि बारावीला गणित व भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के लागतात. आर्ट्सचे कॅडेट हे तिसऱ्या वर्षी शोधतात आणि तेव्हा उपाय उरत नाही. वैद्यकीय तपासणी स्वतंत्र आहे आणि कडक आहे. चष्म्याचा नंबर आत्ताच मोजून घे.

हजेरी ७५ टक्के लागते, 'बी'लाही आणि 'सी'लाही, शिवाय कॅम्प. परेड रविवारी सकाळची असते, तेव्हा शनिवारी रात्रीच बूट, बेल्ट, बेरे तयार ठेव. नवा बेरे डोक्यावर इडलीसारखा फुगतो. कोमट पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावर बसव, बॅज डाव्या डोळ्यावर येऊ दे आणि तसाच वाळव. ड्रिलमध्ये नव्यांचं हमखास चुकतं ते म्हणजे एकाच बाजूचा हात आणि पाय एकदम पुढे जाणं. तेज चाल मिनिटाला १२० पावलं आहे. मोबाईलवर १२० चा मेट्रोनोम लावून गच्चीवर दहा मिनिटं चाल, आठवड्यात सुटतं.

---

वाऱ्याची_दिशा

नभांगण, एक राहिलं. पावसाळ्यात खोलीतली मॉडेलं भिंतीला टेकवून ठेवू नका. बाल्सा ओल शोषतो आणि टेकलेल्या बाजूने वाकतो, मग जून-जुलैमध्ये बसवलेलं ट्रिम ऑगस्टमध्ये लागत नाही. दोरी ताणून बॉडीच्या सीजीच्या खुणेजवळून आडवी टांगा, पंखांना काही लागू देऊ नका. उरलेले बाल्साचे पत्रे सपाट फळीवर, वर वजन ठेवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पत्र्यावर त्याचं वजन पेन्सिलीने लिहून ठेवा. हलका पत्रा शेपटीला आणि जड पत्रा बॉडीला वापरला तर नाकाला लागणारी क्ले कमी होते.